गोष्ट ठरलेली आहे, मग नवं काय लिहिणार?

तुमचा प्रश्न असा आहे की ख्रिस्ती श्रद्धेत सगळं आधीच लिहून ठेवलेलं असतं, मग श्रद्धावान माणसाच्या हातून खरी नवनिर्मिती होते का, की तो जन्मभर प्रचारच करत राहतो?

मी नगरचा, प्रॉटेस्टंट घरातला. चर्चच्या भजनी मंडळात पेटी वाजवतो आणि दर नाताळाला एखादं गीत लिहितो. लेखक वगैरे नाही. पेटीमागून जेवढं दिसतं तेवढंच सांगतो.

उपदेशात याचं एक उत्तर हमखास ऐकायला मिळतं. देव निर्माणकर्ता, माणूस त्याच्या प्रतिरूपाचा, म्हणून माणसालाही निर्मितीची ओढ. मला ते पटतं. पण रात्री साडेअकराला दुसरं कडवं अडून बसलं की त्याचा काडीचा उपयोग होत नाही.

गोष्ट ठरलेली असते हे तुमचं म्हणणं खरं. पण ती कीर्तनकाराचीही ठरलेलीच असते. सुदामा पोह्यांची पुरचुंडी घेऊन द्वारकेला जाणार हे समोर बसलेल्या पोरासोरांनाही ठाऊक असतं, तरी मांडव भरतो. पुढे काय होणार याची उत्सुकता संपली की सगळी मेहनत सांगण्यावर येते, आणि सांगण्यातली लबाडी तिथे लगेच उघडी पडते.

मराठीतलं सगळ्यात जुनं मोठं उदाहरण म्हणजे फादर थॉमस स्टीफन्स. हा इंग्रज जेझुइट धर्मगुरू १५७९ साली गोव्यात आला, इथली भाषा शिकला आणि त्याने जवळपास अकरा हजार ओव्यांचं ‘क्रिस्तपुराण’ लिहिलं. ते १६१६ साली गोव्यातल्या रायतूरला छापलं गेलं, तेही रोमन लिपीत, कारण देवनागरीचे खिळेच नव्हते. पहिलं पुराण जुन्या कराराचं, दुसरं नव्या कराराचं, आणि स्वर्गाला सरळ ‘वैकुंठ’. मराठीला फुलांतली मोगरी आणि सुगंधांतली कस्तुरी म्हणणारी ओवी याच ग्रंथातली. ग्रंथाच्या सुरुवातीलाच एक नवख्रिस्ती श्रोता म्हणतो की आमची आधीची पुराणं तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी दुसरी का देत नाही? म्हणजे आपल्या या पहिल्या मोठ्या ख्रिस्ती काव्याच्या मुळाशी एक बंदी आहे. ही गोष्ट आमच्यात फारशी कुणी बोलून दाखवत नाही. मला ती लपवाविशी वाटत नाही. बंदी घालणारी सत्ता आणि ओवी रचणारा हात एकाच धर्माचे होते, आणि तरी ती ओवी अस्सल आहे.

नंतरचं मोठं नाव रेव्हरंड नारायण वामन टिळकांचं. त्यांचा बाप्तिस्मा १८९५ साली मुंबईत झाला. कवी ते आधीपासूनच होते. त्या काळी चर्चमध्ये इंग्रजी गीतांची भाषांतरं मूळ इंग्रजी चालींवरच गायली जात. आम्ही आजही काही गातो, आणि साथ करताना फरक थेट बोटांना कळतो. चालीचा लांब सूर नेमका ‘कृपा’तल्या ‘कृ’वर येतो, मग तो ‘कृऽऽ’ ताणत बसायचं आणि ‘पा’ बिचारा उडून जातो. टिळकांची भजनं, अभंग काढले की ठेका धरायचा अवकाश, शब्द आपापल्या जागी येऊन बसतात. मोठ्या अभंगाचा हिशेब साधा असतो: तीन चरण सहा-सहा अक्षरांचे, चौथा चारांचा, यमक दुसऱ्या-तिसऱ्याचं. परदेशातून आलेल्या गीतांत येशू मेंढपाळ, राजा, खडक असतो. टिळक त्याला गुरुमाउली म्हणून हाक मारतात. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते स्वतःच सांगत. पुढे १९१७ साली मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ नावाचा भक्तसंघ काढला. त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही जागा होती.

त्यांचं ‘ख्रिस्तायन’ हे ख्रिस्तचरित्राचं महाकाव्य १९१९ साली त्यांच्या निधनाने अर्धवट राहिलं. ते त्यांच्या पत्नीने, लक्ष्मीबाईंनी पुरं केलं, आणि त्यातला बहुतेक भाग लक्ष्मीबाईंचाच आहे. शाळेची पायरी न चढलेल्या बाईचं हे काम! प्रचाराची शंका असेल तर त्यांची ‘स्मृतिचित्रे’ वाचा. नवऱ्याच्या विक्षिप्तपणाची त्यात जी फजिती आहे, तसलं काही प्रचारपत्रकात सापडायचं नाही.

चर्च नेहमी पाठीशी उभं राहतं असंही नाही. गोव्याचे चित्रकार आंजेलो दा फोन्सेका (१९०२–१९६७) शांतिनिकेतनात शिकून आले आणि साडी नेसलेली मरिया रंगवू लागले. गोव्यातल्या धर्मधुरिणांना ते रुचलं नाही. पुण्यातल्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमाने त्यांना आसरा दिला आणि तिथे ते वर्षानुवर्षं रंगवत राहिले. युरोपीय झग्यातली मरिया चालते आणि साडीतली खटकते, हा हिशेब मला कधीच कळलेला नाही.

आता माझं. माझं पहिलं नाताळगीत तारणारा, प्रकाश, राजाधिराज असल्या तयार शब्दांनी ठासून भरलं होतं, आणि बाळ थंडीने कुडकुडत होतं. सरावाला एक मावशी येतात, आयुष्य म्हशी सांभाळण्यात गेलेलं. त्या म्हणाल्या, “तू कधी गोठ्यात निजलास का रे? डिसेंबरात गोठा गरम असतो. गुरांच्या श्वासाची ऊब असते. तरास व्हतो तो वासाचा न् गोमाश्यांचा.” घरी येऊन अख्खं गीत फाडलं. शुभवर्तमानातली गव्हाणी मी लहानपणापासून ऐकत आलो होतो, पण ती गुरांची आहे हे मला त्या दिवशी कळलं. नवीन कडवं असं झालं:

गाईच्या श्वासाची
ऊब गव्हाणीला
राजा विसावला
गवतात

सरावात म्हणून दाखवलं. मावशींनी मान डोलावली, पण शेवटच्या शब्दाला थांबवलं. “डिसेंबरात नगरला गवत कुठलं आणलंस? कडबा म्हण.” आमच्या पाळकांनी हसत विचारलं, बेथलेहेमात ज्वारी पिकत होती का? मावशी म्हणाल्या, ते तुम्ही बघा. मी तोवर बोटांवर मोजत होतो. क, ड, ब्या, त. चार भरली.