टोरंटो मेपल लीफ्स पहिल्यापासूनच अशी हरणारी टीम आहे का?

तुम्ही विचारलंय : "मी गेल्या महिन्यात पुण्याहून ब्रॅम्प्टनला आलोय. ऑफिसमध्ये लोक मेपल लीफ्सचं नाव असं काढतात, जणू घरातलं कोणी आजारी आहे. ही टीम पहिल्यापासून अशीच का? कॅनडाची आरसीबी म्हणायची का हिला?"

आरसीबी नाही हो. आरसीबीकडे २०२५ उजाडेपर्यंत आयपीएलचा एकही कप नव्हता. लीफ्सकडे तेरा स्टॅन्ली कप आहेत, बर्फावरच्या हॉकीच्या एनएचएल लीगमधला हा सगळ्यात मोठा कप. भानगड एवढीच की तेरावा १९६७ सालचा आहे. गरिबाघरचं पोर नापास होणं वेगळं आणि वाड्याची एकेक भिंत खचत जाणं वेगळं. लीफ्स म्हणजे पडका वाडा. त्यातही गंमत अशी की या पडक्या वाड्याचं भाडं दर वर्षी वाढतं आणि भाडेकरू रांगेत उभे असतात.

मी २००९ साली मिसिसागाला आलो. बर्फावरच्या हॉकीतलं ओ का ठो कळत नव्हतं. शेजारी एक पंजाबी काका होते, त्यांच्याकडे शनिवारी रात्री पंजाबी कॉमेंट्रीतली मॅच लागायची. त्यांच्या सोफ्यावर बसून मी हा खेळ शिकलो, आणि हरायला कसं बसायचं तेही. तेव्हा टीम प्लेऑफपर्यंतसुद्धा पोचत नव्हती. २००५-०६ पासून सलग सात हंगाम.

आता जुनी गोष्ट. क्लब १९१७ पासूनचा. पहिले दोन कप (१९१८ आणि १९२२) आले तेव्हा नावही वेगळं होतं. १९२७ साली कॉन स्माइथ या गृहस्थाने टीम घेतली, 'मेपल लीफ्स' असं नाव ठेवलं. पुढे मंदीने सगळ्यांचं कंबरडं मोडलेलं असताना त्यानेच १९३१ साली मेपल लीफ गार्डन्स हे स्टेडियम साडेपाच महिन्यांत उभं केलं. पैसे कमी पडले म्हणून कामगारांनी मजुरीचा काही भाग शेअर्समध्ये घेतला. पुढच्याच वर्षी कप आला. १९४२ च्या फायनलमध्ये (सातांपैकी चार मॅच जिंकेल त्याची मालिका) डेट्रॉइटविरुद्ध ०-३ असे मागे असताना सलग चार मॅच जिंकून त्यांनी कप नेला. स्टॅन्ली कपच्या फायनलमध्ये हे पुन्हा कुणालाही जमलेलं नाही. १९४७, ४८, ४९ असे लागोपाठ तीन. १९६२, ६३, ६४ असे पुन्हा लागोपाठ तीन.

मधल्या १९५१ च्या कपची कहाणी इथलं शेंबडं पोरही सांगतं. फायनलच्या पाचही मॅच ओव्हरटाइममध्ये गेल्या आणि शेवटचा गोल बिल बारिल्को या बचावपटूने मारला. त्याच ऑगस्टमध्ये मासेमारीहून परतताना त्याचं छोटं विमान उत्तर ओंटारियोच्या जंगलात बेपत्ता झालं. अकरा वर्षं पत्ता नाही आणि अकरा वर्षं कपही नाही. अवशेष सापडले जून १९६२ मध्ये. लोक सांगताना "तो सापडला आणि मग कप आला" असं सांगतात. खरा क्रम उलटा आहे, कप एप्रिलमध्येच आला होता. पण पंजाबी काकांना मी हे एकदा सांगायला गेलो तेव्हा त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की चहाही न पिता उठावं वाटलं.

या सुवर्णकाळाबद्दल एक गोष्ट मात्र ऑफिसात कोणी सांगणार नाही. १९४२-४३ ते १९६६-६७ या पंचवीस हंगामांत लीफ्सनी नऊ कप जिंकले खरे, पण तेव्हा लीगमध्ये टीम होत्या सहा. त्यातल्या चार प्लेऑफला जायच्या आणि दोन मालिका जिंकल्या की कप हातात. आपल्याकडे मुंबईने १९५८-५९ पासून सलग पंधरा वर्षं रणजी जिंकली. त्या पराक्रमाला कमी लेखायचं नाही, पण ते दिवस वेगळे होते असं आपणही म्हणतोच की. १९६७ नंतर सहाच्या एकदम बारा टीम झाल्या, आता बत्तीस आहेत. आता चार मालिका, म्हणजे सोळा मॅच जिंकाव्या लागतात.

तरीपण हे कारण पुरत नाही. त्याच सहांतल्या माँट्रियलने १९६७ नंतर दहा कप नेले. लीफ्स तर १९६७ नंतर फायनललासुद्धा पोचलेले नाहीत. म्हणजे गर्दी वाढली एवढंच झालेलं नाही, घरातही काहीतरी बिघडलं.

माझ्या मते जे बिघडलं त्याचं नाव हॅरल्ड बॅलर्ड. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला टीम याच्या ताब्यात आली आणि १९९० साली तो वारला तेव्हाच सुटली. १९७२ मध्ये तर फसवणूक आणि चोरीच्या गुन्ह्यांत दोषी ठरून हा माणूस तुरुंगात जाऊन आला. त्याच सुमारास एक नवी प्रतिस्पर्धी लीग निघाली आणि जास्त पगार देऊन खेळाडू उचलू लागली. बॅलर्डने ते हसण्यावारी नेलं. त्यात बर्नी पॅरेंट हा गोली (गोलरक्षक) गेला. तो पुढे फिलाडेल्फियाला पोचला आणि १९७४ व १९७५ असे लागोपाठ दोन कप त्याने त्यांना जिंकून दिले. १९६७ च्या प्लेऑफचा सर्वोत्तम खेळाडू डेव्ह कियॉन, हाही बॅलर्डशी बिनसून १९७५ मध्ये सोडून गेला आणि कित्येक वर्षं क्लबकडे फिरकला नाही.

या माणसाचा कद्रूपणा कळायला एकच किस्सा पुरे. लीगने १९७७-७८ च्या हंगामात नियम केला की जर्सीच्या पाठीवर खेळाडूचं नाव हवं. बॅलर्डला भीती, की नावं दिसली तर स्टेडियममध्ये विकली जाणारी माहितीपत्रकं कोण घेणार? मग त्याने नावं लावली, निळ्या जर्सीवर निळ्याच अक्षरांत! लीगने डोळे वटारले तेव्हा बदलली. टीम वाईट नव्हती, बरं का. डॅरिल सिटलरने ७ फेब्रुवारी १९७६ ला बोस्टनविरुद्ध एकाच मॅचमध्ये दहा पॉइंट केले (गोल मारला किंवा गोलसाठी पास दिला की एक पॉइंट). तो विक्रम आजही उभा आहे. पण १९७९ च्या डिसेंबरमध्ये व्यवस्थापनाने त्याचा जिवलग मित्र लॅनी मॅक्डॉनल्डला दुसरीकडे पाठवला. चिडून सिटलरने जर्सीवरचं कॅप्टनचं 'सी' अक्षर उसवून काढलं. त्यापुढचं दशक इतकं भिकार गेलं की त्याबद्दल लिहायला माझ्याकडे काही नाही. १९८४-८५ मध्ये टीम लीगमध्ये शेवटची आली, एवढं बोललं की पुरे.

मग १९९३. तुमच्या ऑफिसात चाळिशी ओलांडलेला कोणी असेल तर त्याच्यासमोर 'केरी फ्रेझर' म्हणून बघा. हे पंचांचं नाव आहे. डग गिलमोर कॅप्टन नव्हता, पण टीम त्याच्या जिवावर चालायची. त्या हंगामात त्याने १२७ पॉइंट केले होते. लॉस एंजलिसविरुद्ध कॉन्फरन्स फायनल (फायनलच्या आधीची उपांत्य फेरी), लीफ्स ३-२ ने पुढे, सहावी मॅच ओव्हरटाइममध्ये. त्यांच्या वेन ग्रेट्स्कीची स्टिक गिलमोरच्या हनुवटीला लागली, रक्त आलं. नियमाने ग्रेट्स्की बाहेर जायला हवा. फ्रेझरना दिसलंच नाही. थोड्याच वेळात त्याच ग्रेट्स्कीने विजयी गोल मारला आणि टोरंटोतल्या सातव्या मॅचमध्ये तीन गोल ठोकून ५-४ ने मालिका नेली. जिंकले असते तर फायनलला समोर माँट्रियल. म्हणजे आपल्याकडे भारत-पाकिस्तान फायनल हुकावी तसं. तो कप माँट्रियलने नेला, आणि २०२५ पर्यंत तरी कॅनडातल्या कुठल्याच टीमला त्यानंतर कप मिळालेला नाही. म्हणजे दुखणं एकट्या लीफ्सचं नाही. पण हे ऑफिसात बोलू नका.

१९९४, १९९९ आणि २००२ मध्येही टीम शेवटच्या चारांत होती. मॅट्स सुंदीन हा स्वीडिश कॅप्टन त्या काळातला. १९९९ मध्ये टीम नव्या स्टेडियममध्ये गेली. जुन्या गार्डन्समध्ये आता तळमजल्यावर किराणा-भाजीचं मोठं दुकान आहे आणि वर विद्यापीठाचं रिंक. दुकानात पंचविसाव्या रांगेत जमिनीवर एक लाल ठिपका आहे, मैदानाचा मध्य तिथे होता. मी आमच्या बाबांना दाखवायला नेलं होतं. ते म्हणाले, "तांदूळ इथे महाग वाटतो."

आणि हो, मालकी. मी आलो तेव्हा टीमचा मोठा हिस्सा ओंटारियोच्या शिक्षकांच्या पेन्शन फंडाकडे होता! टीम सलग हरत होती आणि तिकिटं सलग संपत होती. २०१२ मध्ये फंडाने आपला हिस्सा दोन टेलिकॉम कंपन्यांना विकला. जिंकल्याशिवाय गल्ला भरतो, तिथे जिंकायची घाई कोणाला, असं लोक म्हणतात. बॅलर्डच्या काळापुरतं मला हे पटतं. आताच्या टीमबद्दल नाही, कारण हिच्यावर पैसा भरपूर ओतला गेलाय. तो कुठे ओतला, हा खरा प्रश्न.

त्याआधी १३ मे २०१३. मी पाहिलेली पहिली प्लेऑफ मालिका. बोस्टनविरुद्ध सातवी मॅच, शेवटच्या सत्रात लीफ्स ४-१ ने पुढे. काकांनी पेढ्यांचा बॉक्स उघडला. मग ४-२. मग शेवटच्या दीड मिनिटात दोन गोल, बरोबरीचा तर ५१ सेकंद उरलेले असताना. ओव्हरटाइममध्ये खेळ खलास. काकांनी बॉक्स बंद करून फ्रिजमध्ये ठेवला. काकू म्हणाल्या, आता काढलेत तर खा तरी. कोणी खाल्ला नाही.

नंतर २०१४ मध्ये ब्रेंडन शनाहन अध्यक्ष झाले आणि सगळं मुळापासून मोडून बांधायचं ठरलं. २०१५-१६ ला टीम लीगमध्ये तळाला गेली, त्यामुळे नव्या खेळाडूंच्या निवडीच्या सोडतीत शक्यता सर्वाधिक होती, पहिला नंबर लागला आणि ऑस्टन मॅथ्यूज मिळाला. पहिल्याच मॅचमध्ये पठ्ठ्याने चार गोल मारले. टीम ती मॅचसुद्धा हरली, ४-५. तेव्हाच ओळखायला हवं होतं.

तेव्हापासून २०२५ पर्यंत सलग नऊ वर्षं टीम साखळी संपल्यावरही खेळत राहिली. २०२१-२२ मध्ये क्लबच्या इतिहासातले सर्वाधिक ११५ गुण. २०२३-२४ मध्ये मॅथ्यूजचे ६९ गोल. आणि या नऊ वर्षांत मालिका किती जिंकल्या? दोन. २०२३ मध्ये टँपाविरुद्ध आणि २०२५ मध्ये ओटावाविरुद्ध. २०१८, २०१९, २०२१, २०२२, २०२४, २०२५ : सहा सातव्या मॅच, सहाही हरले. २०२१ ला माँट्रियलविरुद्ध ३-१ ने पुढे असताना मालिका घालवली. २०२५ ला फ्लोरिडाविरुद्ध पहिल्या दोन जिंकून, मग पाचवी आणि सातवी घरच्या मैदानावर १-६, १-६ अशी.

शाप वगैरे मी मानत नाही. हिशोब मांडा. २००५ पासून लीगमध्ये पगारावर कमाल मर्यादा आहे. कितीही श्रीमंत क्लब असला तरी खर्च तेवढाच. २०१९-२० मध्ये ती मर्यादा ८१५ लाख डॉलर होती, आणि मॅथ्यूज, मार्नर, टवारेस व नायलंडर या चौघांचाच बोजा ४०० लाखांवर. चौघेही गोल करणारे. उरलेल्या निम्म्यात गोली, बचाव आणि बाकी सगळी टीम. मर्यादा दर वर्षी वाढत जाईल असा अंदाज असावा, पण करोना आला आणि ती जागीच थिजली. ८२ मॅचच्या साखळीत चार हिरे चमकतात. प्लेऑफमध्ये समोरचा संघ त्या चौघांना सलग सात मॅच जखडून ठेवतो, पंच शिट्टीही कमी वाजवतात, आणि मग तिसऱ्या-चौथ्या फळीतल्या स्वस्त, आडदांड गड्यांनी गोल करायचा असतो. ते गडी घ्यायला पैसे उरलेले नसतात. लग्नाच्या हॉलवर सगळे पैसे घालवून जेवणात मसालेभात तेवढा ठेवल्यासारखं. २०२५ च्या उन्हाळ्यात मार्नर लास व्हेगसला गेला आणि ती चौकडी मोडली. माझ्या मते चार वर्षं उशिराच.

एवढं सांगूनही फेब्रुवारी २०२० चा हिशोब माझ्याकडे नाही. कॅरोलिनाचे दोन्ही गोली जखमी झाले म्हणून नियमाप्रमाणे स्टेडियममधला राखीव हौशी गोली उतरवला. ४२ वर्षांचा डेव्हिड एअर्स, बर्फ गुळगुळीत करणारं झँबोनी यंत्र चालवणारा, आईची किडनी बसवलेला. लीफ्सच्याच सरावात तो अधूनमधून गोली म्हणून उभा राहायचा. लीफ्स त्याच्याविरुद्ध ३-६ ने हरले. स्वतःच्या घरी.

तिकिटाचं विचाराल तर लीफ्सचं सध्या काढू नका, नव्या माणसाच्या खिशाला ते झेपत नाही. एक्झिबिशन प्लेसला मार्लीज खेळतात, ही लीफ्सचीच खालच्या लीगमधली टीम. तिकीट खूपच स्वस्त, बर्फ तोच, रंगही तोच निळा. आणि त्यांनी २०१८ मध्ये त्यांच्या लीगचा कॅल्डर कप जिंकलाय. पंजाबी काका आता तिकडेच जातात.