आंडोर की आंडेर

प्रिय पोरी,

वकिलीची सनद मिळाल्याचं तुझं पत्र वाचलं, फार बरं वाटलं. घरी पावरी, बाजारात अहिराणी आणि कॉलेजात पुस्तकी मराठी, त्यामुळे बार रूममध्ये तोंड उघडायला संकोच वाटतो, असं तू लिहिलंस. संकोच हळूहळू जाईल. बोली मात्र जाऊ देऊ नकोस. आपल्या नंदुरबारच्या भागात गरिबाचा खटला पुष्कळदा युक्तिवादापर्यंत पोचतच नाही, त्याआधी जबाब लिहितानाच बिघडतो.

अहिराणीत आंडोर म्हणजे मुलगा आणि आंडेर म्हणजे मुलगी. लिहिताना फरक एका कान्याचा. वारसाच्या दाव्यात म्हातारी म्हणते, ‘माले एकच आंडेर शे’, आणि प्रतिज्ञापत्रात ‘एकच मुलगा’ असं उतरतं. मराठीतून भरभर वाचून दाखवतात, ती मान डोलावते, अंगठा लागतो. पुढे उलटतपासात तीच ओळ तिच्यासमोर येते आणि खरं बोलणारी बाई खोटी ठरते. म्हणून एक जाड वही कर. डाव्या पानावर पक्षकाराचे शब्द, त्याच्याच बोलीत, जसेच्या तसे. उजव्या पानावर तुझं मराठी. समासात त्या वाक्याला आधार देणारा कागद: सातबारा, दवाखान्याची चिठ्ठी, जे असेल ते. अंगठा घेण्याआधी उजवं पान त्याला बोलीत ऐकव. ‘बरोबर ना?’ असं विचारू नकोस, वकिलासमोर माणूस ‘हो’च म्हणतो. ‘आता यात काय लिहिलंय ते तुम्ही मला सांगा’ असं म्हण. चूक तिथे सापडते.

सर्वांत जास्त घोळ सालाचा होतो. वनहक्काच्या दाव्यात, म्हणजे कसत असलेल्या वनजमिनीचा हक्क मागताना, आदिवासी कसणाऱ्याला १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासूनचा ताबा दाखवावा लागतो. म्हाताऱ्याला साल विचारलं तर तो अर्ज भरल्याचं साल सांगतो, आणि कारकून ‘२००८ पासून कसतो’ असं लिहून मोकळा होतो. दावा तिथेच मेला. साल विचारू नकोस, घटना विचार. बाहत्तरचा दुष्काळ, १९९४ चा सुरतेतला प्लेग, १९९८ मध्ये धुळ्यातून नंदुरबार वेगळा झाला तो पावसाळा, हे लोकांच्या लक्षात असतं. ऑगस्ट २००६ मध्ये तापीच्या पुरानं सुरत बुडाली, तेव्हा आपली कितीतरी माणसं तिथे मजुरीला होती. ‘त्या पुराच्या आधी या शेतातलं पावसाळी पीक किती वेळा घरी आलं?’ एकदा जरी आलं असेल तरी ते २००५ च्या दिवाळीच्या आसपासचं, म्हणजे मुदतीच्या आतलं. उत्तर त्याच्या तोंडून येऊ दे, तू पुरवू नकोस.

एका पुराव्यावर भागत नाही, नियमाप्रमाणे एकाहून जास्त लागतात. दावेदार सोडून दुसऱ्या वडीलधाऱ्याचा लेखी जबाब चालतो. बांध, झोपडी, विहीर अशा जमिनीवरच्या खुणाही चालतात. उपग्रहाच्या चित्रात शेत दिसत नाही एवढ्यावर दावा फेटाळला असेल तर भांड. ते चित्र पूरक पुरावा आहे, बाकीच्या पुराव्याची जागा ते घेऊ शकत नाही. प्रांताच्या समितीनं नाकारलं की जिल्हा समितीकडे जायला ६० दिवस. लोकांना नकार तोंडी कळतो आणि दिवस निघून जातात, म्हणून कारणांसह लेखी निर्णय अर्ज देऊन माग आणि तो हाती पडल्याची तारीख त्याच कागदावर टाक.

कोर्टात साक्षीदार भिली किंवा पावरीत बोलू लागला की आसपासच्या कुणालाही दुभाषा म्हणून उभं करतात. ज्या ठाण्यानं तपास केला तिथलाच हवालदार उभा राहत असेल तर लगेच हरकत घे आणि ती कोर्टाच्या रोजनाम्यात नोंदवून घे. आरोपीला कळत नसलेल्या भाषेतली साक्ष भर कोर्टात त्याला समजावून सांगणं फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या, म्हणजे नागरिक सुरक्षा संहितेच्या, कलम ३१४ नुसार बंधनकारक आहे. आणि तू स्वतः, आपल्याच पक्षकाराच्या खटल्यात, दुभाषा कधीही होऊ नकोस. न्यायाधीशांनी प्रेमानं सांगितलं तरी नाही.

जामिनाचं दुखणं वेगळं. आदेश होतो, माणूस आतच राहतो, कारण जामीनदार मिळत नाही. अक्राणी तालुक्यातल्या माणसाचा सातबारा सामाईक, नाहीतर हातात वनपट्टा, आणि तो विकता येत नाही म्हणून ऐपतीच्या दाखल्याला उपयोगी पडत नाही. जामीन अर्जातच हे लिही आणि जातमुचलक्याची, म्हणजे जामीनदाराशिवाय स्वतःच्याच हमीवर सोडण्याची, मागणी कर. जामीनदार दुसऱ्या जिल्ह्याचा म्हणून नाकारला तर मोतीराम खटल्याचा सर्वोच्च न्यायालयाचा १९७८ चा निकाल पुढे ठेव. महिन्याभरात बंधपत्र भरता आलं नाही तर कोर्ट आपणहून अट शिथिल करण्याचा विचार करू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयानं ३१ जानेवारी २०२३ ला सांगितलंय. तिसाव्या दिवसाची खूण डायरीत आजच कर.

तारखांचंही तसंच. दिवाळीनंतर माणसं ऊसतोडीला गुजरातेत जातात, होळीला परततात. मधल्या तारखेला गैरहजेरी लागली की वॉरंट निघतं. जाण्याआधी लेखी अर्ज दे आणि मुकादमाचा फोन नंबर वहीत ठेव. होळीआधीच्या भोंगऱ्या बाजाराच्या आठवड्यात साक्ष ठेवायला संमती देऊ नकोस, कुणी येणार नाही.

मोफत विधी सेवेच्या कामात आदिवासी, अनुसूचित जातीचे लोक, बायका, मुलं, अपंग आणि कोठडीतले लोक यांना उत्पन्नाची अट नाही. तरी खिडकीवर उत्पन्नाचा दाखला मागून परत धाडतात आणि त्या माणसाची दिवसभराची मजुरी बुडते. विधी सेवा कायद्याच्या कलम १२ ची छापील प्रत पिशवीत असू दे. या पक्षकारांकडून चहासुद्धा घेऊ नकोस.

तुझ्या पैशाचं सांगतो. बार कौन्सिल ऑफ इंडियानं ऑक्टोबर २०२४ मध्ये ग्रामीण भागातल्या कनिष्ठाला महिना १५,००० मानधन सुचवलंय. बंधन नाही, म्हणून देणारे थोडे. तरी माग. निदान एसटीचं भाडं आणि नकलांचा खर्च तुझ्या खिशातून जाता कामा नये. सीनियर असा बघ, जो पहिल्या सहा महिन्यांत तुला सरतपास, म्हणजे आपल्याच साक्षीदाराची पहिली तपासणी, घेऊ देईल. नुसत्या तारखा मागायला पाठवणाऱ्याकडे राहिलीस तर शिकायची वर्षं वाया जातील, आणि पाड्यावरून तुझ्या मागून येऊ पाहणाऱ्या पोरी ते बघत असतात. त्यांना सांगून ठेव, सनदेची नोंदणी फी अनुसूचित जाती-जमातीला १२५ रुपयेच आहे आणि त्याहून जास्त घेता येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल ३० जुलै २०२४ चा आहे.

पंधरा दिवसांत कुठल्याही एका साक्षीदाराची दोन्ही पानं मला पाठव. नाव-गाव खोडून पाठव. मी लाल शाईनं खुणा करून परत धाडतो, मग पुढच्या पानांचं बघू.

तुझा,
काका