हंगेरीतले ‘कॅसल’: किल्ला, गढी की वाडा?

प्रश्न असा आला आहे: उत्तर हंगेरीतल्या ‘कॅसल टूर’चं माहितीपत्रक मराठीत करायचं आहे. एगर, फ्यूझेर, शारोशपॉटॉक, एदेलेन्य अशी ठिकाणं आहेत आणि इंग्रजी मजकुरात प्रत्येकापुढे ‘कॅसल’ आहे. मराठीत सगळीकडे ‘किल्ला’ लिहिलं तर चालेल का?

चालणार नाही. एदेलेन्यला उतरलेला मराठी माणूस तटबंदी शोधत राहील आणि समोर दिसेल ती बरोक शैलीतली देखणी, ऐसपैस इमारत. लुइलिये नावाच्या फ्रेंच वंशाच्या सेनाधिकाऱ्याने ती 1716 ते 1730 या काळात राहण्यासाठी बांधली. तटबंदीचा किल्ला आणि सरदाराचं राहतं घर, इंग्रजीत एका शब्दात दोन्ही कोंबता येतात. हंगेरियन लोक मात्र ते वेगळे ठेवतात, आणि नशिबाने मराठीही ठेवते. म्हणून इंग्रजी मजकूर बाजूला ठेवून मूळ हंगेरियन पाटी काय म्हणते ते आधी बघा.

पाटीवर ‘वार’ असेल तर तो किल्ला. (उच्चार आपल्या सोमवारातल्या ‘वार’सारखा.) हा शब्द त्या भाषेत फार खोल रुजलेला आहे. शहराला ‘वारोश’ म्हणतात ते ‘वार’वरूनच, जिल्ह्याला ‘वारमेद्ये’ म्हणतात तेही त्यावरूनच, कारण मध्ययुगात मुलखाचा कारभार किल्ल्यावरून चालायचा. सेकेशफेहेरवार, कॉपोशवार ही गावांची नावं तर नकाशावरच आहेत. आपला ‘वाडा’ आणि हा ‘वार’ यांचं नातं जोडायचा मोह कुणालाही होईल, पण ते टाळा. वाडा संस्कृत ‘वाट, वाटक’ म्हणजे कुंपण घातलेली जागा यावरून आला. ‘वार’ इराणी गटातल्या भाषेतून गेला असं मानतात.

‘वार’साठी किल्ला, गड, कोट यांतलं काय घ्यायचं ते जागा बघून ठरवा. फ्यूझेर डोंगरमाथ्यावर आहे, त्याला ‘गड’ हाच शब्द शोभतो. 1526 साली मोहाचच्या लढाईत हंगेरीचा राजा पडला, त्यानंतर काही काळ राजमुकुट याच गडावर ठेवला होता. फ्यूझेरचे दोन भाग आहेत, ‘ऑल्शोवार’ म्हणजे खालचा आणि ‘फेल्श्योवार’ म्हणजे वरचा. इथे ‘वरचा किल्ला’ असं लिहून मोकळे होऊ नका. आपल्याकडे ‘बालेकिल्ला’ आहे, आणि त्यातला ‘बाला’ म्हणजे फारसीत ‘वरचा’च. हंगेरियन आणि मराठी शब्द इतके नेमके एकावर एक बसल्याचं उदाहरण मला तरी दुसरं सापडलेलं नाही. खालच्या भागाला माची म्हटलं तर गड चढणाऱ्या माणसाला एका शब्दात सगळं चित्र दिसतं. एगर मात्र शहरातच, बेताच्या उंचीवर आहे. 1552 मध्ये दोबो इश्तवानने तुर्की फौजेपुढे तो लढवला. तिथे साधं ‘एगरचा किल्ला’ पुरे.

तुमच्या वाटेवर बोल्दोगक्योवारॉय्यॉ हे गावही लागेल. नाव लांबलचक, पण फोड सोपी: ‘वारॉय्यॉ’ म्हणजे किल्ल्याखालचं. आपल्या घेरा सिंहगड, घेरा पुरंदर या नावांशी हे जुळतं. गावाचं नाव अर्थातच भाषांतरित करू नये, मजकुरात ‘गडाच्या घेऱ्यातलं गाव’ लिहा.

आता ‘कॉश्तेय’. मूळ लॅटिन ‘कास्तेल्लुम’, म्हणजे इंग्रजी ‘कॅसल’चं सख्खं भावंड, पण अर्थ सरदाराचं निवासस्थान. यासाठी मी ‘वाडा’ सुचवेन. आक्षेप येईल की वाड्याला चौक असतो, वाडा आतल्या बाजूला उघडतो, तर कॉश्तेय बागेकडे तोंड करून उभा असतो. आक्षेप बरोबर आहे. तरी नाव देण्याची रीत पाहा. किल्ला सहसा जागेच्या नावाने ओळखला जातो, कॉश्तेय बहुधा घराण्याच्या: कारोयी-कॉश्तेय, ग्रॉशॉल्कोविच-कॉश्तेय. आपण होळकर वाडा म्हणतो तसंच हे. ‘महाल’ आणि ‘राजवाडा’ मात्र राखून ठेवा. ‘राजवाडा’ राजा राहिला तिथेच लिहावा, जसं बुडापेस्टजवळच्या ग्योद्योल्योला. ते ग्रॉशॉल्कोविचांचंच घर 1867 नंतर राजा-राणीकडे आलं आणि हंगेरियन पाटीवरही ‘राजाचं’ असं विशेषण चढलं.

मधला प्रकार ‘वारकॉश्तेय’: राहतं घर, पण बंदोबस्ताचं. सेरेंच हे त्याचं चांगलं उदाहरण. यासाठी ‘गढी’ इतका चपखल शब्द मला दुसरा दिसत नाही. गावोगावच्या देशमुखांच्या गढ्या ज्याने पाहिल्या आहेत, त्याला वेगळं समजवावं लागणार नाही. शारोशपॉटॉकलाही एका बाजूला 16व्या शतकातला जाडजूड ‘तांबडा बुरूज’ आणि त्याला लागून राहण्याचे सज्जे-दालनं आहेत, पण हंगेरियन लोक त्याला राकोत्सी-वार (राकोत्सी हे सरदार घराणं) म्हणतात, म्हणून तिथे किल्लाच लिहावं.

राहिलं ‘टूर’. ‘किल्ल्यांना भेट द्या’ हे वाचायला नको वाटतं. आपण किल्ला पाहतो, गड चढतो. भटके तर सरळ ‘राजगड केला’ म्हणतात. पत्रकाला मी मथळा देईन: ‘उत्तर हंगेरीतले गडकोट आणि वाडे’. खाली ओळी अशा: फ्यूझेर, गड (बालेकिल्ल्यापर्यंत चढ), एगर, किल्ला, सेरेंच, गढी, एदेलेन्य, वाडा.