प्राचीन युरोपातले केल्ट लोक बळी दिलेला घोडा खात असत का?

सगळीकडे नाही. उत्तर फ्रान्समधल्या गूर्ने-सुर-आरोंदच्या गॉल (फ्रान्समधले केल्ट) लोकांच्या देवस्थानात (इ.स.पू. ३रं शतक) कोकरं आणि डुकराची पिल्लं खाल्लेली दिसतात, घोड्यांच्या हाडांवर मात्र मांस सोलल्याच्या सुरीच्या खुणा नाहीत. गायीबैलही खाल्ले नाहीत. त्यांना मानेवर घाव घालून मारायचे, धड मधल्या खड्ड्यात काही महिने कुजू द्यायचं, मग सुटी झालेली हाडं भोवतीच्या खंदकात टाकायची, कवट्या प्रवेशद्वारापाशी.

अश्वमेधाशी तुलना होते ती आयर्लंडमधल्या (तिथलेही केल्टच) एका राज्याभिषेकाची: पांढरी घोडी मारून उकळायची, राजाने त्याच रश्श्यात बसून मांस खायचं. पण हे लिहिलंय १२व्या शतकात जेराल्ड ऑफ वेल्स या धर्मगुरूने, आणि तो इंग्लंडहून आयर्लंडवर चालून गेलेल्या नॉर्मनांच्या बाजूचा. त्यामुळे जरा जपूनच.