कोल्हापुरात दसऱ्याला नवी ऑफरोड गाडी घेतोय. डिलिव्हरीआधी शोरूमवाले गाडीचं नेमकं काय करतात, आणि मी काय बघून घ्यावं?

तुम्ही लिहिलंय की हिरोची एक्सपल्स २०० फोर व्ही मोटारसायकल बुक केलीय, घर रंकाळ्याजवळ, शेत राधानगरी रस्त्याला, आणि सुट्टीला गगनबावड्याकडं चिखलात घालायचा बेत आहे. मी कोल्हापुरातल्याच एका शोरूमच्या वर्कशॉपमध्ये बरीच वर्षं काढली, त्यातली निम्मी नुसत्या नव्या गाड्या तयार करण्यात. आता उद्यमनगरात माझं छोटं गॅरेज आहे. त्यामुळं आतली बाजू सांगू शकतो.

आधी एकच विनंती. दसऱ्याला गाडी घ्या, पण दसऱ्याला तयार करून घेऊ नका.

त्या दिवशी सकाळी शोरूमच्या मागच्या शेडमध्ये डोकावून बघा. पंचवीस-तीस गाड्या ओळीनं उभ्या, चार पोरं, आणि बाहेर सोफ्यावर हार-पेढे घेऊन बसलेली घरंच्या घरं. सेल्सचा माणूस दर पाच मिनिटांनी आत येऊन "ती लाल झाली का रे?" विचारणार. तपासणीचा एक छापील कागद असतो, त्याला पीडीआय शीट म्हणतात. मुहूर्ताच्या दिवशी त्यावरचे सगळे चौकोन एका दमात भरले जातात, कधीकधी गाडीला हात लावायच्या आधीच. मीही भरलेत, खोटं कशाला बोलू. साध्या रोजच्या गाडीला ते खपून जातं, राहिलेलं पहिल्या सर्व्हिसिंगला निस्तरता येतं. तुमची गाडी पहिल्याच रविवारी दगडगोट्यांत जाणार आहे. म्हणून पैसे आणि कागद दोन-तीन दिवस आधी उरका, दुपारी तीन-चारची निवांत वेळ मागा, आणि गाडी तयार होताना शेजारी उभं राहू द्या म्हणा. मॅनेजर कुरकुरेल. पोरांना चहा सांगा, काम सोपं होतं.

गाडी कारखान्यातून कंटेनरमधून येते. हँडलला दोन्हीकडून पट्टे, पुढचे शॉकअप दाबून बांधलेले, टायरमध्ये गरजेपेक्षा जास्त हवा, आरसे-साडीगार्ड वेगळे, डिस्कवर गंज लागू नये म्हणून तेलकट थर. तयार करायची म्हणजे हे सगळं उलट करायचं. पट्टे सोडायचे, हवा बरोबर करायची, सुटे भाग बसवायचे, बॅटरी चार्ज करायची, नट-बोल्ट पान्यानं तपासायचे, डिस्क ब्रेक क्लीनरनं पुसायची आणि थोडी चालवून बघायची.

खरं काम चाकांत आहे. पुढं २१ इंची आणि मागं १८ इंची तारांची चाकं, आत ट्यूब. (कागदावर स्पोक लिहितात, आमच्याकडं सायकलपासून ताराच.) नव्या चाकाच्या तारा बसत बसत थोड्या सैल होतात, हा काही दोष नाही. पान्याची दांडी घ्या आणि एकेका तारेवर हलकेच टकटक करा. आवळलेली तार टण्ण वाजते, सैल तार डब्ब. सगळ्यांचा आवाज साधारण सारखा आला की झालं. एखादी डब्ब वाजली तर तिच्या टोकाचा निप्पल (तार आवळायचा छोटा नट) पाव फेऱ्यापेक्षा जास्त फिरवायचा नाही, आणि एकाच जागी आवळत बसायचं नाही, नाहीतर चाक तिकडं ओढलं जाऊन आऊट होतं. मग चाक फिरवून रिम डावी-उजवीकडं लहरते का बघायचं. शोरूममध्ये हे क्वचितच कुणी करतं. तुम्ही टकटक करायला लागलात की पोरं एकमेकांकडं बघतील. बघू द्या.

आता माझी चूक सांगतो. एका पाडव्याला गारगोटीकडच्या एका मास्तरांची अशीच तारांच्या चाकांची गाडी मी तयार केली. ट्यूबच्या वॉलवर (हवा भरायच्या नळीवर) एक छोटा गोल नट असतो, तो मी नीट, जोर लावून रिमला आवळून टाकला. सैल दिसत होता, मला वाटलं व्यवस्थित काम करतोय. बारा दिवसांनी मास्तर गाडी टेम्पोत घालून परत. भाताच्या चिखलात पकड मिळावी म्हणून त्यांनी हवा कमी केली होती, तेही बरोबरच. पण हवा कमी असली की जोर लावल्यावर टायर रिमवर किंचित सरकतो आणि आतली ट्यूबही सोबत ओढतो. वॉल मी रिमला बांधून ठेवलेला. तो बुडापासून फाटला. अशा ठिकाणी पंक्चरचं ठिगळ बसत नाही, ट्यूबच नवी. दिवस मावळताना चार किलोमीटर गाडी ढकलली म्हणाले, आणि आवाज न चढवता म्हणाले, ते जास्त लागलं.

तेव्हापासून टायर बसल्यावर तो नट मी रिमपासून मागं फिरवून वरच्या टोपणाला टेकवून ठेवतो. ट्यूब सरकली तर वॉल तिरका झालेला दिसतो, ती तुम्हाला सूचना. हवा सोडून टायर पुन्हा सरळ करून घ्यायचा. तुमच्याही गाडीचा नट रिमला घट्ट असला तर पोरांना सांगून मागं घ्या, दहा सेकंदांचं काम. वरचेवर कमी हवेवर चालवणार असाल तर मागच्या चाकाला रिमलॉक बसवून घ्या, तो टायर रिमला धरून ठेवतो. रस्त्यावरच्या हवेचा आकडा गाडीवरच्या स्टिकरवर असतो. चिखलात मी १८-२० पीएसआयपर्यंत उतरवतो, डांबरावर आलो की पुन्हा भरतो.

दुसरी जागा चेन. नवी गाडी बघायला आलेले काका चेन वर-खाली हलवून बघतात आणि "सैल आहे रे, आवळून दे" म्हणतात. ऑफरोड गाडीला चेन सैलच दिसली पाहिजे. या गाडीचा मागचा शॉकअप १७० मिलिमीटर खेळतो. चाक वर जाताना पुढचं छोटं स्प्रॉकेट (चेनचं दात्यांचं चाक), चिमट्याचा म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्यांचा बोल्ट आणि मागचा अॅक्सल (चाकाचा आस) एका रेषेत येतात, आणि त्या क्षणी दोन स्प्रॉकेटमधलं अंतर सगळ्यात जास्त असतं. स्टँडवर छान ताठ दिसणारी चेन तिथं तारेसारखी ताणते, आणि तो ताण जातो गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर. आकडा पुस्तिकेत आहेच, पण माझी पद्धत अशी: गाडीवर माणसं बसवून मागचा भाग खाली दाबायचा. आमच्या गल्लीत तालीम आहे, तिथली दोन पोरं बसवली की हव्या त्या रेषेत येतो. तशा अवस्थेतही चेन बोटानं थोडी वर-खाली झाली पाहिजे. आणि चेन पेट्रोलनं धुऊ नका, आत रबरी रिंगा असतील तर त्या खराब होतात. रॉकेल चालतं.

पुढच्या चाकाचा अॅक्सल बसवायचीही एक रीत आहे. अॅक्सल आवळायचा, मग पुढचा ब्रेक धरून शॉकअप चार-पाच वेळा दाबायचे, म्हणजे शॉकअपचे दोन्ही पाय (नळ्या) आपापल्या जागी बसतात, आणि सगळ्यात शेवटी खालचा, अॅक्सल धरून ठेवणारा चिमटीचा बोल्ट आवळायचा. आधीच आवळला तर एक पाय तिरका अडकतो, शॉकअप घासतात आणि बारीक खडीवरही हँडल हाताला मारतं. लोक म्हणतात सस्पेन्शन कडक आहे. निम्म्या वेळा तो एक बोल्ट असतो.

हँडल आणि लिव्हर शोरूममध्ये बसून चालवणाऱ्याच्या हिशेबानं लावलेले असतात. तुम्ही खड्ड्यांत उभं राहून चालवणार. म्हणून मेन स्टँड नसला तरी कुणाला तरी गाडी धरायला सांगा, फुटरेस्टवर उभे राहा, हात हँडलवर ठेवा. मनगट न मोडता बोटं क्लच-ब्रेकवर सरळ पडली पाहिजेत. बहुधा लिव्हर थोडे खाली फिरवावे लागतात. त्यांचे क्लॅम्प इतकेच आवळा की रोजच्या वापरात हलणार नाहीत, पण तळहातानं ठोसा मारला तर फिरतील. गाडी आडवी पडली की लिव्हर फिरतो, मोडत नाही. पडणार तर तुम्ही आहातच.

इंजिन चालू ठेवून हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. मध्येच आवाज चढला तर केबल कुठंतरी ओढली जातेय. क्लच लिव्हरच्या टोकाला १०-१५ मिलिमीटर मोकळा खेळ हवा. बॅटरीला मल्टिमीटर लावा म्हणा. गाडी बंद असताना साडेबारा व्होल्टच्या वर, चालू करून थोडी रेस दिली की साडेतेरा-चौदाच्या आसपास. ऑइलची पातळी बघा. लाइट, हॉर्न, इंडिकेटर तर कुणीही बघतं. २०२३ पासूनच्या मॉडेलला एबीएसचे (ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) रोड, ऑफरोड आणि रॅली असे तीन मोड आहेत, ते मीटरवर बदलून दाखवायला सांगा. फुटरेस्ट, साइड स्टँड, सायलेन्सरचं गार्ड, नंबरप्लेटची पट्टी, हे बोल्ट कंपनानं सुटतात. आट्यांना निळं लॉकटाइट (बोल्ट सुटू न देणारा डिंक) लावून घ्या. लाल नको, नाहीतर पुढं खोलताना बोल्टचं डोकं जाईल आणि शिव्या मला पडतील.

टेफ्लॉन कोटिंग आणि पॉलिशचं पॅकेज गळ्यात मारतील. नको म्हणा. तुमची गाडी आठवड्यात चिखलानं माखणार, आणि घाईत मारलेला तो स्प्रे डिस्कवर किंवा टायरच्या कडेला उडाला तर पहिल्याच वळणाला घसराल.

कागदांचं थोडक्यात. चासिस आणि इंजिन नंबर गाडीवर स्वतः वाचून बिलाशी आणि विम्याशी जुळवा. फॉर्म २१ वर गाडी कोणत्या महिन्यात बनली ते लिहिलेलं असतं, शेडमध्ये वर्षभर पडलेली गाडी त्यात कळते. तिसऱ्या पक्षाचा विमा नव्या दुचाकीला पाच वर्षांचा असतो. एमएच ०९ ची हायसिक्युरिटी प्लेट बसल्याशिवाय गाडी बाहेर काढू नका, शोरूमवाला "पोलिसांना सांगा नवीन आहे" म्हणाला तरी. साडीगार्ड "ऑफरोडला कशाला" म्हणून काढून टाकायचा मोह होईल, पण मागच्या चाकाला आच्छादन हवं असा नियम आहे, आणि मागं आई बसणार असेल तर नियमाचीही गरज नाही. एका मित्रानं तुम्हाला निव्वळ डर्ट बाइक घ्यायला सांगितलंय असं लिहिलंय. तिचं पासिंग होत नाही, ती पिकअपमधूनच न्यावी लागते. शेतावर जायला तुमचीच निवड बरोबर आहे.

मागचा शॉकअपही तुमच्या वजनाला जुळवून घ्या. अंगावर असेल तेवढं सामान घेऊन बसल्यावर मागचा भाग एकूण खेळाच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यानं, म्हणजे पाच-साडेपाच सेंटिमीटर खाली गेला पाहिजे. दुप्पट गेला तर स्प्रिंग एक-दोन खाचा आवळायची.

पहिली शंभर-दीडशे किलोमीटर डांबरावरच फिरवा. ब्रेक पॅड बसू देत, नव्या टायरची गुळगुळीत साल जाऊ दे. मग पहिल्या मातीच्या फेरीनंतर घरी आलात की पुन्हा तारांवर टकटक करा. पहिल्यांदा सैल होतील त्या तेव्हाच. गगनबावड्याकडचा लाल जांभा पावसात साबणासारखा होतो, आणि आपल्या पूर्वेची काळी माती टायर आणि मडगार्डच्या मध्ये बसून चाकच थांबवते, त्याची सवय हळूहळू होईल. मसाई पठारावर मात्र गाडी गवतात घालू नका. ते संवर्धन राखीव आहे, आणि टायरची चाकोरी तिथं कित्येक वर्षं राहते.

दसऱ्याच्या पूजेचं एक राहिलं. हळद-कुंकू टाकीवर लावा, डिस्कवर नको. नारळ फोडायचा तो बाजूला फरशीवर, रिमवर आपटून नको. पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवा, त्यानं काही बिघडत नाही. आणि हँडलला घातलेला झेंडूचा हार गाडी सुरू करायच्या आधी काढून घ्या. मागं एकदा असाच हार अॅक्सिलरेटरच्या केबलपाशी अडकून एकाची गाडी शोरूमच्या दारातून थेट समोरच्या उसाच्या रसाच्या गाड्यावर गेली होती.