यवतमाळकडच्या खेड्यात राहणाऱ्या अंध मामांसाठी मनगटावरचं वाट दाखवणारं यंत्र घ्यावं का?

घ्या, पण हातातली काठी सोडायला लावू नका.

मनगटाला बांधायची ही यंत्रं बहुतेक करून आपल्याला ऐकू न येणारा आवाज सोडतात. तो समोरच्या वस्तूवर आपटून परत आला की पट्टा थरथरतो. वस्तू जितकी जवळ, तितका जोर जास्त. पांदणीत झुकलेली बाभळीची फांदी किंवा वाटेत उभ्या ट्रॉलीची कडा यात सापडते, जी साध्या काठीला लागतच नाही. पण नाली, खड्डा, कठडा नसलेली विहीर? खाली गेलेली जमीन याला सहसा कळत नाही. आणि खेड्यात खरा धोका तोच.

जीपीएसवर ‘डावीकडे वळा’ सांगणाऱ्या वस्तू शहरात बऱ्या. मोकळ्या आभाळाखालीही फोनचं जीपीएस पाचेक मीटर इकडेतिकडे होतं. आपली पांदण तेवढी रुंद तरी असते का!

माझं ऐकाल तर आधी स्मार्टकेन बघा. आयआयटी दिल्लीत तयार झालेली, 2014 मध्ये बाजारात आली. पांढऱ्या काठीच्या मुठीत यंत्र बसतं, गुडघ्यापासून डोक्यापर्यंतचा अडथळा 3 मीटरपर्यंत ओळखतं. जमीन चाचपायचं काम काठीच करते. मामांकडे 40 टक्के किंवा जास्तीचं दिव्यांग प्रमाणपत्र असेल तर केंद्राच्या एडिप योजनेत साधनांसाठी मदत मिळते, जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात विचारा.

काहीही घेतलं तरी कानात इअरफोन नको. मागून येणारी मोटारसायकल त्यांना कानानंच कळते.