राज्यशास्त्र ‘मेजर’ (मुख्य विषय) घेताना : वाचकांचे प्रश्न

प्रवेशाच्या दिवसांत राज्यशास्त्राविषयी आलेल्या पत्रांतले काही प्रश्न आणि त्यांची उत्तरे.

मुलीला बारावीला ७८ टक्के आहेत आणि तिला बी.ए.ला राज्यशास्त्रच हवे आहे. रोजचा पेपर वाचून जे कळते, त्यासाठी तीन वर्षे कशाला? (पालक, मानेवाडा)

पेपर वाचून कोणता आमदार कोणत्या पक्षात गेला ते कळते. तो एकटा का गेला नाही, चाळीस जण घेऊनच का गेला, याचे उत्तर संविधानाच्या दहाव्या अनुसूचीत, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्यात आहे, आणि राज्यशास्त्र त्याच उत्तराच्या मागे असते. राजकीय सिद्धांत, भारतीय शासन आणि राजकारण, तुलनात्मक राजकारण, आंतरराष्ट्रीय संबंध, लोकप्रशासन, भारतीय आणि पाश्चात्त्य राजकीय विचार असा हा पसारा आहे. मुलीला बातम्यांची आवड असेल तर चांगलेच, पण तेवढ्याने भागत नाही. तीस पानांचे कंटाळवाणे प्रकरण बसून वाचायची तयारी आहे का, ते आधी पाहा. ती असेल तर अडवू नका.

कॉलेज निवडताना काय विचारावे? आणि मायनर (दुय्यम विषय) कोणता घ्यावा? (काटोल)

नव्या शैक्षणिक धोरणाच्या रचनेत एका सेमिस्टरला २० ते २२ क्रेडिट असतात. थिअरीचे एक क्रेडिट म्हणजे १५ तासांचे अध्यापन. म्हणजे चार क्रेडिटच्या पेपरला ६० तास, आठवड्याला चार. हा हिशेब डोक्यात ठेवून कॉलेजच्या कार्यालयात नव्हे, थेट विभागात जा. राज्यशास्त्राला पूर्णवेळ शिक्षक किती आहेत ते विचारा. विषयाला एकच शिक्षक असेल आणि तिन्ही वर्षांचे मेजरचे पेपर त्यांच्याच गळ्यात असतील, तर ६० तास भरणार कसे, याचा अंदाज तुम्हालाच येईल. मागच्या सेमिस्टरचे वेळापत्रक मागून बघा. प्रॉस्पेक्टसमध्ये छापलेला मायनर वेळापत्रकात मेजरच्याच तासाला येतो, हा घोळ नेहमीचा आहे आणि तो कळतो ऑगस्टमध्ये. ग्रंथालयातून एका वेळी किती पुस्तके घरी मिळतात आणि चौथे वर्ष त्याच कॉलेजात आहे का, हेही तेव्हाच विचारून घ्या.

मायनरबाबत आमचे मत स्पष्ट आहे: आकड्यांची भीती नसेल तर अर्थशास्त्र, असेल तर इतिहास. अर्थसंकल्प वाचता न येणारा राज्यशास्त्राचा पदवीधर अर्धवटच राहतो. लोकप्रशासन मायनर घेतले की अभ्यास हलका होतो हे खरे, पण त्यातला बराच भाग मेजरमध्ये येतोच. हाती नवे फारसे लागत नाही.

माझे माध्यम मराठी आहे. चांगली पुस्तके इंग्रजीत, नोट्स मराठीत, आणि दोन्हींचा मेळ बसत नाही. (उमरेड)

ही अडचण भाषेची कमी आणि संज्ञांची जास्त आहे. मराठीत ‘राज्य’ हा एकच शब्द तीन कामे करतो. सिद्धांताच्या पेपरात राज्य म्हणजे लोकसंख्या, भूप्रदेश, शासन आणि सार्वभौमत्व असलेली संस्था. संघराज्याच्या प्रकरणात राज्य म्हणजे महाराष्ट्र किंवा मध्य प्रदेश, ज्याला सार्वभौमत्व नाही. आणि मूलभूत हक्कांच्या भागात कलम १२ नुसार ‘राज्य’ या शब्दात संसद, विधिमंडळे आणि स्थानिक प्राधिकरणेही येतात. म्हणून नागपूर महानगरपालिकेने तुमच्याशी भेदभाव केला तर तो ‘राज्याने’ केलेला भेदभाव ठरतो. नोट्समध्ये पहिल्या अर्थाला ‘राज्यसंस्था’ आणि दुसऱ्याला ‘घटकराज्य’ असे लिहायची सवय लावा. निम्मा गुंता तिथेच सुटतो.

गोंधळाची दुसरी जागा सत्ता, अधिसत्ता आणि अधिमान्यता यांची. व्हरायटी चौकात एखाद्या दांडगटाने तुमची गाडी अडवली आणि तुम्ही थांबलात, तर ती नुसती सत्ता. वाहतूक पोलिसाने हात केला तर त्याच्यामागे कायद्याने दिलेला अधिकार असतो, ती अधिसत्ता. चलान फाडल्याचा राग आला तरी ‘त्याला तो अधिकार आहे’ हे तुम्ही मनातून मानता, ती अधिमान्यता. परीक्षेत हे तिन्ही शब्द एकमेकांच्या जागी पडले, की तपासणाऱ्याला पहिल्याच परिच्छेदात कळते.

वहीचे एक पान एका संज्ञेला द्या. मराठी शब्द, देवनागरीत त्याचा इंग्रजी शब्द, एका वाक्यात अर्थ, एक भारतीय उदाहरण आणि ज्याच्याशी गल्लत होते तो शब्द. एका सेमिस्टरला चाळीस पाने झाली तरी पुष्कळ. मराठी प्रतिशब्द अडला तर भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश पाहा. इग्नूचे अभ्याससाहित्य ई-ज्ञानकोशावर हिंदीतही मोफत मिळते. इंग्रजी प्रकरणाआधी तेच प्रकरण हिंदीत वाचले, तर इंग्रजी निम्म्या वेळात उरकते. फक्त हिंदी संज्ञा उचलून मराठी उत्तरात टाकू नका. संविधानाच्या उद्देशिकेच्या हिंदी पाठात ‘पंथनिरपेक्ष’ आहे, मराठीत ‘धर्मनिरपेक्ष’, आणि या फरकावरच वाद झालेले आहेत.

पाने भरभरून लिहितो, तरी गुण पन्नाशीच्या पुढे सरकत नाहीत. (दुसरे वर्ष, जरीपटका)

सोबत पाठवलेले उत्तर वाचले. प्रश्न होता, ‘पक्षांतरबंदी कायद्याने पक्षांतर थांबले का?’ तुम्ही पहिली दोन पाने ‘आयाराम-गयाराम’वर आणि तिसरे नैतिकतेवर खर्च केले. प्रश्नाला हात लागला शेवटच्या सहा ओळींत.

असे बांधा. पहिल्या तीन ओळींत उत्तर देऊन टाका: किरकोळ पक्षांतर घटले, घाऊक पक्षांतर उरले. मग कारण. १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने दहावी अनुसूची आली, पण एकतृतीयांश सदस्य फुटले तर ती ‘फूट’ मानून त्यांना संरक्षण होते. २००३ च्या ९१ व्या दुरुस्तीने ती सवलत काढली. दोनतृतीयांश सदस्यांच्या संमतीने होणारे विलीनीकरण तेवढे ठेवले. म्हणजे एकट्यादुकट्याला शिक्षा, मोठ्या गटाला वाट. पुढे निर्णय कोण देतो ते लिहा: सभागृहाचे अध्यक्ष, जे बहुधा सत्ताधारी पक्षाचेच असतात. किहोटो होलोहान खटल्यात १९९२ साली सर्वोच्च न्यायालयाने या निर्णयाला न्यायालयीन तपासणी लागू केली. महाराष्ट्राच्या सत्तासंघर्षावरील ११ मे २०२३ च्या निकालात प्रतोद (आमदारांना पक्षादेश बजावणारा) राजकीय पक्ष नेमतो, विधिमंडळ पक्ष म्हणजे निवडून आलेल्या आमदारांचा गट नव्हे, हे स्पष्ट झाले. इथपर्यंत दीड पान होते. उरलेल्या अर्ध्या पानात विरुद्ध बाजू घ्या: या कायद्याने आमदाराचे स्वतंत्र मतच संपवले का?

वर्ष, दुरुस्तीचा क्रमांक आणि खटल्याचे नाव ही तीन आठवत नसतील, तर दोनच लिहा. चुकीचे वर्ष लिहिण्यापेक्षा ‘पुढच्या दशकात’ बरे.

फील्ड प्रोजेक्टसाठी नागपूरच्या निवडणुकीवर काही करता येईल का? (बी.ए., तिसरे वर्ष)

येईल, आणि त्यासाठी शंभर लोकांची प्रश्नावली भरून घेत फिरायची गरज नाही. त्या प्रश्नावल्या बहुतेक ओळखीपाळखीच्या घरांतच भरल्या जातात आणि त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. त्याऐवजी फॉर्म २० घ्या. प्रत्येक मतदान केंद्रावर कोणाला किती मते पडली, याचा हा सरकारी तक्ता मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर मिळतो.

नागपूर लोकसभेत शहराचे सहा विधानसभा मतदारसंघ येतात, ५२ दक्षिण-पश्चिम ते ५७ उत्तर. सहाच्या सहा घेऊ नका. एकच घ्या, आणि त्यातली वीस-पंचवीस केंद्रे. १९ एप्रिल २०२४ चे लोकसभेचे मतदान आणि २० नोव्हेंबर २०२४ चे विधानसभेचे, यांची तुलना करा. तक्ते बहुधा स्कॅन केलेले असतात, आकडे हाताने भरावे लागतात. दोघांनी स्वतंत्र भरून मग ताडून पाहा.

केंद्रांचे क्रमांक दोन निवडणुकांत बदलू शकतात, म्हणून शाळेच्या नावावरून आणि मतदार यादीच्या भागावरून जुळवा. टपाली मते केंद्रनिहाय नसतात; ती वेगळी ठेवा. टक्केवारी काढताना नोटा धरला की वगळला, ते एकदा ठरवून वर लिहा. २००९ च्या आधीचे आकडे आणू नका, कारण मतदारसंघांच्या पुनर्रचनेने तेव्हाच्या हद्दी वेगळ्या होत्या. सगळ्यात घातक चूक निष्कर्षाची. एखाद्या केंद्राच्या हद्दीत अमुक समाजाची वस्ती जास्त आणि तिथे अमुक पक्षाला मते जास्त, म्हणून त्या समाजाने त्या पक्षाला मत दिले, असे लिहिता येत नाही. आकडा केंद्राचा आहे, माणसाचा नाही.

निवडणूक नको असेल तर हिवाळी अधिवेशन आहे. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात वर्षातून किमान एक अधिवेशन नागपुरात घेण्याचे ठरले होते. दर वर्षी प्रत्यक्ष बैठका किती झाल्या ते विधिमंडळाच्या नोंदींवरून मांडा. २०२० आणि २०२१ साली ते नागपुरात झाले नाही, ही वर्षे सरासरीत कशी धरली तेही सांगा. ‘विदर्भावर अन्याय’ हे शीर्षक मात्र आधीच देऊन ठेवू नका.

एमपीएससी करायची आहे, मग हा विषय घेतला की अर्धे काम झाले ना? (हिंगणा)

अर्धे नाही. राज्यसेवा मुख्य परीक्षा आता यूपीएससीसारखी वर्णनात्मक आहे. सामान्य अध्ययनाच्या दुसऱ्या पेपरला आणि ५०० गुणांच्या वैकल्पिक विषयाला तुमचे मेजर थेट उपयोगी पडते. पूर्व परीक्षेतल्या भूगोल, विज्ञान आणि सीसॅटला त्याचा काडीचा उपयोग नाही. पहिली दोन वर्षे क्लास लावू नका. मेजर नीट वाचलेत, तर क्लासचा राज्यघटनेचा भाग तुम्हाला विकत घ्यावा लागणार नाही.

चौथे वर्ष करावे का? (रामटेक)

प्राध्यापकी किंवा संशोधन हवे असेल तर करावे. ‘ऑनर्स विथ रिसर्च’साठी (संशोधनासह चार वर्षांच्या पदवीसाठी) पहिल्या सहा सेमिस्टरमध्ये ७५ टक्के लागतात, आणि चार वर्षांच्या पदवीनंतर एम.ए. एका वर्षाचे होते. बी.एड., विधी किंवा पत्रकारितेकडे जायचे असेल तर तिसऱ्या वर्षी पदवी घेऊन निघालेले बरे.